रेषेपलीकडची खुर्ची

५ जानेवारी, रविवार

कमळा आज क्लासला आली ती गाडीत बसायच्या आधीच मोबाइल पुढे करून. "मॅडम, हा तुमचा मिथुन ना?" व्हिडिओत आमची घरची पांढरी गाडी हायवेपलीकडच्या नव्या गोदामांच्या आवारात गोल गोल फिरत होती. टायरमधून धूर निघत होता. बघणारी पोरं इतकी जवळ उभी होती, की एखाद्याने हात लांब केला असता तर गाडीच्या आरशाला लागला असता. मी म्हटलं, "नाही गं, तसलीच गाडी दिसतेय." नंबर चांगला ठळक दिसत होता. कमळा पतपेढीत कॅशियर आहे, आकडे तिला वाचता येतात. पण ती सीटबेल्ट लावत बसली.

अख्ख्या नारपोलीला गाडी शिकवणारी मी. क्लासच्या गाडीला आजवर साधा ओरखडा नाही. आणि घरचाच मुलगा असले उद्योग करतो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

संध्याकाळी विचारलं. लपवायचा प्रयत्नही केला नाही त्याने.

"मीट असते आई. दर रविवारी. गाड्या दाखवतात."

"दाखवतात की जाळतात?"

"सुयश अरेंज करतो. वॉचमनला सांगून घेतो. पब्लिक येते बघायला."

"त्या पब्लिकला लागलं म्हणजे?"

"आजपर्यंत लागलंय का कोणाला?"

असली उलट उत्तरं हा कुठून शिकतो, कोण जाणे.

८ जानेवारी

कमळाची प्रगती चांगली आहे. आज कल्याण नाक्याजवळ तागे लादलेली हातगाडी एकदम आडवी आली, आणि आमची गाडी जागच्या जागी थांबली. मी म्हटलं, "शाब्बास." ती म्हणते, "मी काय केलं?" "थांबवलीस की." बिचारीला स्वतःवर विश्वासच नाही. क्लासच्या गाडीला माझ्या बाजूलाही क्लच-ब्रेक असतात. वेळेवर पाय पडला की झालं, शिकणाऱ्याची भीती मोडते. माझा पाय कधी चुकत नाही. म्हणून तर माझ्याकडची पोरं निर्धास्त चालवतात.

उजवा गुडघा फार ठणकतोय. रवींद्र म्हणतो वजन कमी कर. नवऱ्यांना एवढंच सुचतं. स्वतः लॅबमध्ये दिवसभर स्टुलावर बसून असतो आणि मला चालायला सांगतो.

१२ जानेवारी, रविवार

मिथुनला न सांगता रिक्षाने मीटला गेले. बघून डोकं भडकलं.

वळणाच्या बाहेरच्या अंगाला सगळी गर्दी. गाडी घसरली तर जिथे जाईल, नेमकी तीच जागा. आणि प्रत्येकाचा डोळा मोबाइलमध्ये. समोरून गाडी येतेय ती पडद्यावर बारीक दिसते, मग पाय कशाला हलतील? एक पोरगा तर गुडघ्यावर बसून टायरचा फोटो काढत होता. मी जाऊन त्याची कॉलर धरली. तो मागे वळून म्हणतो, "अरे मॅडम, तुम्ही?" माझाच विद्यार्थी. मग एकेक जण पुढे आला. निम्मी पोरं माझ्याकडे शिकलेली. "मॅडम नमस्ते", "जयभीम मॅडम", एकाने खुर्ची आणली, दुसऱ्याने वडापाव. मी भांडायला गेले होते आणि हातात वडापाव धरून उभी.

मिथुन गाडीआड लपला होता. सुयश मात्र समोर आला. आमच्या शेजारच्या तात्यांचा हा नातू. त्याला क्लासला घालायला तात्यांनी चक्क नकार दिला होता, त्यामुळे गाडी तो रामू टेम्पोवाल्याकडे शिकला. अजून तसाच खांदे उडवत चालवतो. म्हणाला, "मॅडम, बंद नका करू ना. तुम्ही सांगा कसं करायचं, तसं करू. अपने लिए कोई जगह है क्या भिवंडीत? रस्त्यावर ट्रेलर, गल्लीत पॉवरलूम, मैदानात लग्नाचे मांडव."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, याचाच जास्त राग आला.

१५ जानेवारी

तात्यांकडे तक्रार घेऊन गेले. आयुष्यभर शाळेत मुलं हाकलेला माणूस, वाटलं नातवाला दोन शब्द सुनावतील. ते चहा ओतत म्हणाले, "संघरत्नाताई, इथून हाकललं तर दुसरीकडे जमतील, आणि तिथे तुम्हीही नसाल. त्यापेक्षा तुम्हीच उभ्या राहा."

"म्हणजे मी हा तमाशा चालवू?"

"तमाशा आहेच. निदान प्रेक्षकांना नीट बसवा."

वर म्हणाले, तुमचा मुलगा तुमचं ऐकतो, माझा नातू कोणाचंच ऐकत नाही. हे मात्र खरं. मिथुन माझ्या शब्दाबाहेर नाही.

१९ जानेवारी

रविवार असून मीट चुकवायला लावून मिथुनला घरच्या गाडीने अकलोलीला घेऊन गेले. गरम कुंडाच्या पाण्याने गुडघा मोकळा होतो असं सगळे सांगतात. जाताना तो छान चालवत होता. मी "ब्रेक" म्हटलं की ब्रेक, "गिअर" म्हटलं की गिअर. वज्रेश्वरीच्या अलीकडे म्हशी आडव्या आल्या, तिथे मी जरा पाण्याची बाटली उघडत होते, तर अगदी शेवटी दिसल्या. मी ओरडले, तेव्हा त्याने दाबला. लक्ष नसतं पोराचं.

कुंडात पाय बुडवून बसले तोवर बरं वाटलं. परत येऊन गाडीतून उतरले तर गुडघा पुन्हा तसाच.

रवींद्रने गाडी झाडताना विचारलं, "ड्रायव्हरच्या बाजूची मॅट नवीकोरी आणि तुझ्या बाजूचीला भोक कसं गं पडलं?" मी म्हटलं, स्वस्तातली आणतोस म्हणून.

२७ जानेवारी

ठरवलं. मीच उभी राहणार.

काल पोरांना घरी बोलावून नियम सांगितले. गोल फिरणं बंद, धूर बंद. बघणारे सगळे गोदामाच्या प्लॅटफॉर्मवर, जिथे कंटेनर पाठ लावून माल उतरवतात. छातीएवढा उंच सिमेंटचा ओटा आहे, गाडी वर चढून येणार नाही. खाली एकही पाय दिसला तर माझी शिट्टी वाजेल आणि कार्यक्रम थांबेल.

"मग करायचं काय?" सुयशने विचारलं.

मी म्हटलं, "थांबून दाखवायचं. वेगात यायचं आणि फक्कीच्या रेषेवर गाडी उभी करायची. पळवता कुणालाही येते, थांबवता येते का ते बघू." पोरांची तोंडं पडली. मग मिथुन म्हणाला, "क्लासवाले विरुद्ध टेम्पोवाले?" तशी सगळी उसळली. मलाही खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. रामूची पोरं आणि माझी पोरं यांतला फरक एकदा सगळ्यांना दिसू दे.

४ फेब्रुवारी

नुसती धावपळ. वॉचमन म्हणतो, "मॅडम, सेठ को मालूम पडा तो मेरी नौकरी जाएगी." शेठना फोन केला. ते म्हणाले, शिस्तीत करा, आणि काही झालं तर मला माहीत नाही. मिथुन म्हणतो माइक हवा. सुयश म्हणतो प्रमुख पाहुणे हवेत, त्याशिवाय कार्यक्रम वाटत नाही. पाहुणे कोण, तर त्याचेच आजोबा. शाल-श्रीफळ तोच आणणार.

पाहुण्यांना प्लॅटफॉर्मवर चढवणार कसं, हा प्रश्न निघाला. तात्यांना तेवढं चढवणार नाही, आणि पोरांच्या गर्दीत कोपऱ्यात बसवणं बरं दिसत नाही. शेवटी मीच तोडगा काढला. रेषेच्या पलीकडे, बरोबर समोर, पांढरं कापड घातलेली खुर्ची. गाड्या रेषेवर थांबणारच आहेत, तिथून सगळं सरळ दिसेल. मानही राहील.

रवींद्र म्हणाला, "समोर?" मी म्हटलं, "पाहुण्यांना काय पाठीमागे बसवतात?"

११ फेब्रुवारी

दोन दिवस वहीला हात लागला नाही.

रविवारी सगळं शिस्तीत चाललं होतं, हे आधी लिहून ठेवते. प्लॅटफॉर्म भरून पोरं, खाली एकही नाही. ओट्यावरून लोंबकळणारे पायसुद्धा मी वर घ्यायला लावले. तात्यांना शाल पांघरली, नारळ दिला. त्यांनी दोन शब्द बोलतो म्हणून बरेच शब्द बोलून घेतले. मग सुयश आला आणि बरोबर रेषेवर थांबला. मला वाटलं, नशीब. त्यानंतर रामूकडचा आणखी एक, तोही थांबला. मग माझ्याकडचा पहिला. रेषेच्या पुढे गेला. नवीन टायर होते त्याचे. दुसरा त्याच्याही पुढे, तात्यांच्या खुर्चीपासून थोडक्यात. मी माइकवर सांगितलं, धूळ आहे, जपून. प्लॅटफॉर्मवर हशा पिकला. "टेम्पो, टेम्पो" ओरडायला लागली पोरं. मला इतका संताप आला.

तात्या म्हणाले, "मी जरा बाजूला होऊ का?"

मी म्हटलं, "बसा हो. आता माझा मुलगा आहे."

मिथुन सुसाट आला. आता दाबेल, आता दाबेल, मी बघत होते. गोंगाटात माझं ओरडणं त्याला ऐकू जाणं शक्य नव्हतं. रेषा गेली तरी गाडी तशीच. तात्या उठायला गेले, शाल खुर्चीच्या हाताला अडकली. मग ब्रेक लागला, पण कधी. खुर्ची मोडली आणि तात्या तिच्याखाली. नारळ घरंगळत प्लॅटफॉर्मपर्यंत गेला. कोणीतरी तेही शूट केलं आहे.

कमरेचं हाड मोडलंय. ऑपरेशन झालं. जिवावरचं निभावलं असं डॉक्टर म्हणाले.

मी खुर्चीच्या बाजूलाच उभी होते आणि जागची हललेही नाही. तरी हॉस्पिटलात गेल्यावर बघते तर उजव्या चपलेचा अंगठा तुटलेला. कसा तुटला, कळत नाही.

१२ फेब्रुवारी

हॉस्पिटलबाहेर मिथुन पायरीवर बसून होता, दोन दिवसांत काही खाल्लेलं नाही. मला त्याला जवळ घ्यायचं होतं आणि थोबाडायचंही होतं. दोन्हींतलं काहीच केलं नाही. विचारलं, "ब्रेक का नाही दाबलास?"

"दाबणार होतो."

"मग?"

"मला वाटलं थांबेल."

"गाडी आपोआप थांबते का रे?"

त्याने स्वतःच्या उजव्या पायाकडे बघितलं. मग म्हणाला, "आपली थांबते."

काय हे उत्तर. तात्या आत कण्हतायत आणि याला धड बोलताही येत नाही. मी रिक्षा करून घरी आले.

१७ फेब्रुवारी

पोलिसांनी गाडी नेली होती, तपासून परत दिली. ब्रेकमध्ये काही दोष नाही. मला वाटत होतं दोष निघेल. मिथुनचं लायसन्स तीन महिन्यांसाठी गेलं. गोदामाच्या शेठनी वॉचमनला काढलं. त्याला नोकरी बघायला हवी, माझ्यामुळे गेली त्याची. क्लासला नवीन नावं येणं बंद झालंय. येणारे आधी मोबाइलमध्ये तो व्हिडिओ बघतात.

तात्यांनी जबाब दिला. "मुलगा वेगात आला हे खरं, पण खुर्ची तिथे नको होती." खुर्चीचा उल्लेख करायची काय गरज होती? मान म्हणून ठेवली होती. भल्याची दुनिया राहिली नाही.

२ मार्च

गुडघ्याला पट्टा बसला. डॉक्टरांनी उजव्या पायाने महिनाभर काहीही दाबायचं नाही असं बजावलंय. क्लास बंद ठेवणं परवडणार नाही. तोवर रस्त्यावर न जाता मैदानातच, पहिल्या गिअरमध्ये शिकवायचं ठरवलं आहे. समोर प्लास्टिकचे रिकामे ड्रम ठेवलेत. मी नुसती पाय लांब करून बसणार.

६ मार्च

सगळे एकाच आठवड्यात कसे बिघडले, मला कळत नाही. जो येतो तो ड्रमला धडकतो. कालपर्यंत बाजारातून गाडी काढणारी माणसं. मी घसा फोडून ओरडतेय.

आज कमळानेही ड्रम उडवला. मी म्हटलं, "तू सुद्धा? अगं त्या हातगाडीपुढे कशी थांबवली होतीस?"

ती स्टेअरिंग धरूनच म्हणाली, "मॅडम, ती तुम्ही थांबवली होती. रोज तुम्हीच थांबवता. मी नुसता पाय ठेवते, पेडल आपलंच खाली जातं. किती जोर लावायचा, मला माहीतच नाही."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही शाब्बास म्हणत होता. कोणाला नको असतं?"

पुढचा तास मी घेतला नाही. घरी आले. मिथुन स्वयंपाकघरात माझ्यासाठी पाणी गरम करत होता, गुडघा शेकायला. आपली थांबते, म्हणाला होता तो.

आज जास्त लिहीत नाही.

३० मार्च

तात्या घरी आलेत, वॉकर घेऊन या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालतात. मी आजवर जायचं टाळत होते. गेले, तर स्वतःच म्हणाले, "जबाबाचा राग आलाय ना? अहो, मीही तिथे बसायला नको होतं. दोन गाड्या पुढे आलेल्या मी डोळ्यांनी पाहिल्या. पण शाल अंगावर पडल्यावर माणूस सहजासहजी उठत नाही."

मला हसू आलं आणि लगेच रडू आलं. त्यांच्यासमोर असं रडायचं नव्हतं. त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे सरकवला. मग म्हणाले, "मिथुन रोज येतो. मला संडासापर्यंत तोच नेतो. तुम्हाला बोलला नसेल."

नाही बोलला.

१४ एप्रिल

जयंतीच्या मिरवणुकीत दरवर्षी रथाची जीप मिथुन चालवतो. यंदा दुसऱ्याने चालवली. मिथुन जीपच्या पुढच्या चाकापाशी दोर धरून चालत होता. नाचणारी पोरं चाकाजवळ आली की छातीने मागे ढकलत होता. एकाने शिवी दिली, तरी दोर सोडला नाही. निजामपुऱ्यापर्यंत तसाच. निळ्या गुलालाने डोळे भरले होते, तरी नजर चाकावरच.

मी फुटपाथवरून बघत होते. त्याच्याशी काहीतरी बोलायला हवं. काय बोलायचं, ते जमत नाही.

१८ मे, रविवार

लायसन्स परत मिळालं. मिथुनने ते कपाटात ठेवून दिलं आणि म्हणाला, "आता नाही चालवणार मी." मी म्हटलं, "चल, क्लासच्या गाडीत बस."

शेठची परवानगी काढून त्याच आवारात गेलो. सकाळीच सिमेंट तापलेलं, चिटपाखरू नाही. नवा वॉचमन लांब फाटकापाशी. फक्कीची रेषा मीच ओढली. पलीकडे अख्खं मोकळं आवार, पुढे काही नाही. निघताना तात्यांनी खिडकीतून विचारलं होतं, "खुर्ची आणू का?" मी म्हटलं, "घरातच बसा."

मिथुन बसला. मी माझ्या सीटवर बसले, चपला काढल्या, आणि दोन्ही पाय वर घेऊन मांडी घातली.

त्याने बघितलं. "हे काय?"

"गुडघा दुखतोय. असं बरं वाटतं."

"आई, तू नीट बस ना. पाय खाली घे."

"तू चालव."

पहिल्यांदा तो इतका हळू गेला की रेषेच्या आधीच थांबला. मी म्हटलं, "परत." दुसऱ्यांदा वेग घेतला. रेषा जवळ आली. माझा उजवा पाय मांडीखालून निसटायला बघत होता, मी घोटा दोन्ही हातांनी धरून ठेवला. तोंडात "ब्रेक" आला होता, तो गिळला. जन्मात इतकी कधी घाबरले नव्हते मी, तात्या पडले तेव्हासुद्धा नाही.

रेषेच्या पुढे गेली गाडी. मग थांबली. झटका बसला, माझं डोकं पुढे आलं. मिथुनचा पाय पेडलवर इतका घट्ट होता की पोटरी उडत होती. तो पाय काढेचना.

"पुढे गेली," तो म्हणाला.

"गेली," मी म्हटलं. "परत घे."

उन्हं वर चढेपर्यंत घेत राहिलो. गुडघा दुखतो म्हणून मांडी घातली, असं मी त्याला सांगितलं होतं. मांडी घातल्यावर गुडघा जास्तच दुखतो, हे त्याला ठाऊक आहे. इतके दिवस तोच तर शेकतोय. परत निघताना माझे पाय सरळ होईनात, तर तो माझ्या बाजूला आला, दार उघडलं, आणि हाताने हळूच एकेक पाय खाली सोडला.